चौदा महिने न फुटलेली बाटली

“फुटल्या किती?”

“अकरा.”

“भरल्या किती होत्या?”

“बारा.”

“मग बारावीनं काय घोडं मारलं होतं?”

“तिला मी घाबरून आधीच उघडलं. कारंजं उडालं, थेट छतापर्यंत. पंखा लावला की अजून खाली काहीतरी चिकट पडतं.”

ब्रदर सिप्रियन पोट धरून हसले. तोंडात चार दात उरलेत, ते चारही दिसले.

बस्त्याव मास्तरांना ते हसणं मुळीच आवडलं नाही.

“ब्रदर, मी तीस वर्षं हायस्कुलात केमिस्ट्री शिकवलीय.”

“मला ठाऊक आहे रे. बाटल्यांना कुणी सांगितलं नसेल.”

आता हे दोघे कोण, ते सांगून टाकतो.

मास्तर आमच्या आळीतले. वय पासष्ट. शर्टाची वरची गुंडी लावलेली, खिशात दोन पेनं, आणि चूक कबूल करायची वेळ आली की घसा खाकरायची सवय. माणूस वाईट नाही. पण कुणाच्या ओट्यावर कधी टेकला नाही, की कुणाच्या घरचा चहा कधी प्यायला नाही. घरातलं ते सगळं खातं कात्रीनकडे होतं. कात्रीन म्हणजे त्यांची बायको. ती गेल्या वर्षी तीन राजांच्या सणाला, म्हणजे सहा जानेवारीला, वारली.

आणि ब्रदर म्हणजे फादर नव्हेत. चर्चमध्ये मिस्सा सांगतो, म्हणजे प्रार्थनाविधी चालवतो, तो फादर. ब्रदर मठात राहतो आणि मठाची कामं करतो. सिप्रियन ब्रदरांनी चाळीस वर्षं सेमिनरीचा, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेचा, भटारखाना सांभाळला. आता वय ब्याऐंशी. चर्चच्या मागे केळीची वाडी आहे, तिथल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. आमच्या वसईकडच्या निम्म्या बायकांना नाताळातली आल्याची बिअर त्यांनी शिकवलीय. कात्रीन सतरा वर्षांची असताना सेमिनरीत अंडी पोचवायला जायची, तेव्हा तीही शिकली.

मी काही त्या दुपारी तिथं नव्हतो. मास्तरांनी मला स्वतः सांगितलं. मीठमसाला लावायची मला खोड आहे, पण इथं फार लावलेला नाही.

फेब्रुवारीतली दुपार. ब्रदर व्हरांड्यात वाल सोलत बसले होते. समोर टेबल, टेबलापलीकडे मास्तर. मास्तरांच्या मांडीवर एक पिशवी, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरलेली.

“बरं, सांग,” ब्रदर म्हणाले. “पाणी?”

“उकळून गार केलेलं.”

“आलं?”

“जुनं. किसून.”

“यीस्ट?”

“एक पूर्णांक दोन ग्रॅम. तोलून.”

“अरे देवा! मी आयुष्यभर चिमूट घालत आलो.”

“चिमूट हे माप नाही, ब्रदर.”

“बरं. बुचं?”

इथं मास्तर जरा ताठ बसले.

“नवी कोरी. कोमट पाण्यात भिजवली, लाकडी हातोडीनं ठोकली, वर तांब्याची तार आवळली. मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर यायचा नाही.”

“आणि किती दिवस ठेवणार होतास?”

“चाळीस. पण नवव्या दिवशी पहिली फुटली. अकराव्या दिवसापर्यंत खेळ खलास. आणि ही तिसरी खेप.”

ब्रदरांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“चाळीस दिवस?”

“मुरायला.”

“अरे, लोणचं आहे का ते? आल्याची बिअर बाटलीत गेली म्हणून आंबायची थांबत नाही. आत साखर आहे तोवर तिचं चाललेलंच असतं. चार दिवस ठेवायची, पाचव्या दिवशी, फार तर आठवड्यानं, पिऊन मोकळं व्हायचं. तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास, वरून तार आवळलीस आणि कपाटात डांबलीस. मग काय ती आत माळ जपत बसेल?”

“म्हणजे फार दिवस ठेवली म्हणून फुटली.”

“फार दिवस ठेवली, फार घट्ट ठेवली, म्हणून फुटली. झालं? पटलं? आता वाल घेऊन जा थोडे. वाडीतले आहेत.”

मास्तरांनी घसा खाकरला नाही. उलट, वर्गात एखाद्या पोराला पेचात पकडल्यावर हसायचे, तसे हसले.

“मग ही बघा,” म्हणाले.

पिशवीतून टॉवेल निघाला. टॉवेलातून बाटली.

तपकिरी काचेची बाटली. तोंडाला बूच, बुचावरून पांढरा दोरा गुंडाळून खाली गाठ मारलेली. पोटावर वहीच्या कागदाची चिठ्ठी, तिच्यावर निळ्या पेनानं तारीख. अठरा डिसेंबर.

“कात्रीनच्या हातची आहे. हिला आज चौदा महिने झाले. हूं की चूं केलं नाही हिनं. तुम्ही म्हणता आठवडा. मग ही का फुटली नाही?”

ब्रदरांचं हसू गेलं.

त्यांनी बाटली हातात घेतली नाही. नुसती बघत राहिले. चिठ्ठी बघितली, गाठ बघितली, मग पुन्हा वालाची शेंग उचलली.

“कुठे मिळाली?”

“तांदळाच्या पिंपामागे. ती गेल्यावर महिन्याभरानं.”

“आणि तेव्हापासून?”

“घरच्या अल्तारावर, क्रूसाखाली. तिच्या फोटोशेजारी, उभी. पुसतानासुद्धा हलवली नाही. आज पहिल्यांदा जागची उचलली. रिक्षात मांडीवर धरून बसलो. रिक्षावाल्याला सांगितलं, एक खड्डा जरी लागला तरी उतरून चालत जाईन.”

“मग तिथंच असू द्यायची होतीस.”

“हिच्यात तिनं काय घातलंय, ते सांगा.”

ब्रदरांनी नवी शेंग सोलायला घेतली.

“ब्रदर…”

“बंद बाटलीतलं बघायला मी काय एक्स-रे आहे?”

“तुम्ही शिकवलंत तिला.”

“मी शिकवलं ते तुला सांगून झालं. आलं, साखर, लिंबू, यीस्ट.”

“ते सगळ्यांना शिकवलंत. हे काहीतरी वेगळं आहे.”

मास्तर पुढे सरकले आणि हळू आवाजात बोलायला लागले. वर्षभरात त्यांनी हे कुणाजवळही काढलं नव्हतं.

“तिला कळलं होतं, ब्रदर. डॉक्टर ऑक्टोबरातच बोलले होते. म्हणून तिनं ही एक वेगळी केली. टिकणारी. आणि मुद्दाम पिंपामागे ठेवली, मला नंतर सापडावी म्हणून. हे बघा, बोटभर कमी भरलीय. बाकीच्या ती गळ्यापर्यंत भरायची. म्हणजे काहीतरी हिशेब असणार ना तिचा?”

“असेल.”

“घरात तिच्या हातचं चाखायला काही उरलेलं नाही. लोणचं संपलं. मसाला मी चिमटीचिमटीनं वापरला…”

“चिमूट हे माप नाही.”

“थट्टा नको, ब्रदर.”

“नाही करत. बोल.”

“मसालाही संपला. साड्यांना आता डांबरगोळ्यांचा वास येतो. काल मी आठवून बघत होतो, तिच्या हातच्या कालवणाची चव कशी होती. नाही आठवली. चाळीस वर्षं खाल्लं, आणि नाही आठवली. म्हणून मला ही बिअर करायला शिकायचीय. टिकणारी. मग दर वर्षी करीन, आणि एक तरी बाटली कायम घरात राहील. दुसरं काही मागत नाही मी.”

ब्रदरांनी उरलेल्या शेंगा मांडीवर ओढल्या.

“मास्तर, तुझ्या बाटल्या का फुटतात ते मी सांगितलं. आता घरी जा. हिचं मला विचारू नकोस.”

“का?”

“म्हातारा माणूस सांगतोय म्हणून.”

“शिष्याला असं परत पाठवतात?”

“तू माझा शिष्य कधीपासून झालास?”

“आत्तापासून.”

“मग ही पहिली आज्ञा. घरी जा.”

मास्तर उठले नाहीत. उलट त्यांनी पिशवीत हात घातला आणि इंजेक्शनची सुई काढली. नवी, पाकिटातली. वर चिमुकली काचेची बाटलीही आणली होती, नमुना घ्यायला.

“बुचातून दोन थेंब काढू. उघडायची गरज नाही. तुम्ही जिभेवर ठेवा आणि सांगा.”

“आत ठेव ती सुई.”

“दोनच थेंब…”

“आत ठेव म्हणतो ना!”

ब्रदर असे ओरडले की शेंगा मांडीवरून घरंगळल्या. मास्तरांनी सुई आत ठेवली. तीस वर्षं ते दुसऱ्यांवर ओरडले. त्यांच्यावर कुणी ओरडलं की काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मान खाली घालून बसले.

…

“घरात बुचं कोण दाबायचं?” ब्रदरांनी विचारलं. आता आवाज मऊ होता.

“तीच. तिचा अंगठा बघायला हवा होता तुम्ही. मला हातोडी लागते, तिला नुसता अंगठा पुरायचा. टचकन बसवायची बूच. मग दोरा.”

“आणि त्या डिसेंबरात?”

“तीच.”

ब्रदरांनी बुचाखालच्या गाठीकडे बघितलं.

“तीच,” मास्तर पुन्हा म्हणाले. जरा हळू.

“त्या नाताळात तू प्यायलास का यातली?”

“नाही. दवाखान्याच्या खेपा चालल्या होत्या. घोट घ्यायची शुद्ध कुणाला होती?”

“पण आळीत वाटली असेल तिनं.”

“वाटली ना. स्वतः गेली टोपली घेऊन. दोन घरं झाली की ओट्यावर बसायची, दम खायची, मग पुढचं घर. मी म्हटलं, दे, मी वाटून येतो. तर म्हणाली, तुम्हाला कुणाचं घर कुठलं ते तरी ठाऊक आहे का?”

“मग लोक काय म्हणाले?”

“छान झालीय म्हणाले.”

“सगळे?”

“एकूण एक.”

ब्रदरांनी मान हलवली. मग वाल ठेवलेलं सूप बाजूला केलं, हात लुंगीला पुसले आणि पहिल्यांदा त्या बाटलीला हात लावला.

ती उचलली.

आणि टेबलावर आडवी ठेवली.

“अहो!” मास्तर ताडकन उठले. “ती उभी ठेवायची… वर्षभर मी ती…”

ब्रदरांनी त्यांचा हात धरला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची पकड ती, मास्तर सहज सोडवू शकले असते. पण त्यांनी सोडवली नाही.

“बघ.”

“काय बघू?”

“नुसतं बघ.”

दोघं बघत राहिले.

काहीच झालं नाही.

मग बुचाखालचा दोरा एका बाजूनं काळपट दिसायला लागला. ओला झाला होता तो.

…

मग टेबलावर एक थेंब पडला.

…

मग दुसरा.

मास्तर हळूहळू खाली बसले. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिथून पाण्याचा थेंब वाट काढतो, तिथून वायू कितीतरी आधी निघून गेलेला असतो, हे त्यांनीच तीस वर्षं पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. फुटायला आत काही असावं लागतं. हिच्या आत काही साठलंच नव्हतं. बोटभर कमी भरली नव्हती, बोटभर उडून गेली होती.

“निघून गेला,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“कधी?”

“पहिल्याच दिवसापासून जात असणार. बूच बसलंच नव्हतं नीट.”

“म्हणजे तिनं यात काही घातलेलं…”

“काही नाही. आलं, साखर, लिंबू, यीस्ट. नेहमीचंच.”

“आणि पिंपामागे…”

“राहून गेली असेल. माझ्याही राहतात.”

मास्तरांनी तिसरा थेंब पडताना बघितला. मग एकदम मान वर केली.

“तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं. मी पिशवी उघडली तेव्हाच.”

“मलाही एक आली होती त्या नाताळात.”

“कशी होती?”

“सपाट. साखरेचं पाणी.”

“मग तुम्ही तिला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं ना. छान झालीय म्हणून.”

आता इथं मला मध्ये तोंड घातलंच पाहिजे.

आमच्या घरीही ती बाटली आली होती. नाताळच्या दुपारी जेवायला बसलो आणि मी दोरा सोडला. एरवी कात्रीनच्या बाटलीचं बूच म्हणजे बंदुकीचा बार. आमची आई दर वर्षी कानांवर हात ठेवायची, त्या दिवशीही ठेवले. बूच निघालं, आणि आवाजच नाही. आईनं हात खाली घेतले. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. सगळ्यांनी आपापला पेला संपवला. दुसऱ्या दिवशी कात्रीन चर्चच्या पायरीवर बसलेली दिसली. चेहरा एवढासा झालेला. तिनं विचारलं, कशी झालीय रे यंदाची? मी म्हटलं, छान झालीय, वहिनी. धडधडीत खोटं बोललो. पुढ्यात उभा क्रूस होता, तरी बोललो. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा बोललो असतो.

तिला कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असेल. हसली ती. आणि मला अजून ते हसणं आठवलं की घास जात नाही.

नंतर कळलं की तिची बाटली पोचलेल्या अकराही घरांनी हेच केलं होतं. आळीत एरवी एक गुपित टिकत नाही, पण हे टिकलं. मास्तरांपर्यंत ते पोचलं नाही, कारण मास्तर कुणाच्या ओट्यावर बसतच नव्हते.

असो. मी माझ्याच रडगाण्यात शिरलो. व्हरांड्यात परत येतो.

ब्रदरांनी बाटली उभी केली. टेबलावर ओला डाग राहिला. मास्तर त्या डागाकडे बघत होते.

“तिनं मला हाक मारली होती,” ते म्हणाले.

ब्रदरांनी बाटलीवरचा हात काढला.

“त्या दिवशी. अठरा तारखेला. स्वयंपाकघरातून. अहो, म्हणाली, बुचं जरा दाबून द्या. माझ्या अंगठ्यात जोर येत नाही, म्हणाली.”

“आणि तू?”

“मी बाहेर, आमच्या ओट्यावर होतो. पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. आलोच म्हटलं.”

…

“आलोच म्हटलं, ब्रदर. आणि बसून राहिलो. तीन शब्द अडले होते.”

“मग?”

“मग तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मी आत गेलो तोवर सगळ्या बाटल्यांना दोरे बांधून झाले होते. खाली बसली होती ती, भिंतीला टेकून. मी म्हटलं, बघ, झालं की तुझं तुलाच. तर म्हणाली, हो, झालं.”

मास्तरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

“मी एका तरी बुचाला बोट लावून बघायचं होतं. एका तरी…”

ब्रदरांनी त्यांना थोपटलं नाही. जाऊ दे म्हणाले नाहीत, देवाची इच्छा म्हणाले नाहीत. मास्तर मला म्हणाले, त्या क्षणी ते तसलं काही बोलले असते तर मी उठून चालू लागलो असतो.

ब्रदरांनी एवढंच विचारलं.

“उघडू?”

मास्तरांनी बाटलीवर हात ठेवला. ती एकदा उघडली की संपली. कात्रीनच्या हातचं या जगात शेवटचं जे काही होतं, ते संपणार होतं. न उघडता परत नेली असती, पुन्हा अल्तारावर उभी केली असती, तरी त्यांना कोण काय बोलणार होतं?

…

“त्या चिठ्ठीला धक्का लावू नका,” मास्तर म्हणाले. “गाठ मी सोडतो.”

गाठ सुटायला वेळ लागला. दोरा मास्तरांना कापायचा नव्हता. सुटल्यावर त्यांनी तो गुंडाळून खिशात ठेवला, पेनांशेजारी.

बूच ब्रदरांनी काढलं. दोन बोटांनी. नुसतं उचललं, आणि ते आलं. आवाज झाला नाही.

दोन स्टीलचे पेले आले. ब्रदरांनी सारखी सारखी ओतली. फेस नाही, बुडबुडा नाही. तळाचा गाळ तेवढा ढवळून वर आला.

मास्तरांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आंबट झालीय.”

“झालीय.”

“शिरका झालाय अगदी.”

“चौदा महिने म्हणजे काय थोडे झाले?”

मास्तरांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. आणि मग थांबले. पेला तसाच ओठांशी धरलेला.

घशात मागून आलं लागलं होतं. जळजळीत, नाकात जाणारं.

“आलं,” मास्तर म्हणाले. “आलं ती असंच जास्त घालायची. दर वर्षी सांगायचो तिला, कात्रीन, कमी घाल, ठसका लागतो. दर वर्षी म्हणायची, बरं. आणि दर वर्षी एवढंच घालायची. ब्रदर, मी माझ्या तिन्ही खेपांना तोलून घातलं होतं… कमी घातलं होतं… मला जेवढं हवं असायचं तेवढं…”

आणि मग मास्तर रडले.

कात्रीनच्या दफनाला आम्ही सगळे होतो. मास्तर तेव्हा शर्टाची वरची गुंडी लावून ताठ उभे होते, माती टाकली, आणि आलेल्या प्रत्येकाचे आभार मानले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून आमच्या आळीत चार दिवस कुजबुज झाली होती. मीही कुजबुजलो होतो, खोटं कशाला सांगू? त्या दुपारी ते ब्रदरांच्या व्हरांड्यात मोठ्यानं रडले. वाडीत पाणी लावणारा माणूस हातातलं काम टाकून बघायला आला. ब्रदरांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

रडता रडता पेला मात्र त्यांनी संपवला. बाटलीत उरलेलीही ओतून घेतली. ब्रदरांनी आपल्या पेल्यातली अर्धी त्यांना दिली, तीही प्यायले. ठसका लागला, आणि ठसक्यात हसूही आलं. पुन्हा रडले.

ऊन व्हरांड्याच्या पायरीवरून खाली गेलं.

मास्तरांनी रिकामी बाटली उचलून बघितली. तळाशी थोडा गाळ होता, बाकी काही नाही. ती टॉवेलात गुंडाळावी की नाही, त्यांना कळेना. अर्धी गुंडाळली, पुन्हा सोडली.

“आता मी काय करू, ब्रदर?”

ब्रदरांनी रिकामे पेले एकात एक ठेवले.

“आजवर निदान एवढं तरी होतं. सकाळी उठून हिच्याकडे बघायचो. वाटायचं, तिनं माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय, मला ते शोधून काढायचंय. उठायला कारण होतं. आता काय करू? कुठे जाऊ? सांगा ना काहीतरी. शिष्य म्हणून विचारतोय. या वेळी खरंच शिष्य म्हणून विचारतोय.”

ब्रदर गुडघ्यांवर हात टेकून उठले. उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. आत गेले.

आतून काचा एकमेकींना लागल्याचा आवाज आला. काहीतरी जमिनीवरून सरकत होतं.

ब्रदर पाठमोरे, वाकून, एक लाकडी खोकं ओढत बाहेर आले. खोक्यात आठ बाटल्या. सकाळीच भरलेल्या, गळ्यापर्यंत. तोंडांवर बुचं नुसती ठेवलेली.

खोकं त्यांनी मास्तरांच्या पायांशी आणून सोडलं. दम लागला होता. खुर्चीत बसले, आपला उजवा अंगठा दुसऱ्या हातानं चोळला, आणि म्हणाले,

“बुचं जरा दाबून दे.”